शनिवारचं ताट

इंटरनॅशनल सिटी, दुबई
४ फेब्रुवारी २०२४

श्रीमती अन्वरीबाई यांस,
नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी प्रमिला, मुरलीधर यांची बायको. रास अल खोरला ज्यांचं गॅरेज आहे ते अलीमियाँ, आमच्या यांचे गावाकडचे मित्र, त्यांच्या तुम्ही धाकट्या बहीण, असं त्यांच्याकडूनच कळलं, आणि तेही खोदून खोदून विचारल्यावर. तुमचा फोन नंबर मागितला तर खाली मान घालून म्हणाले, "नंबर नको वहिनी. लिहून द्या. कुणी ना कुणी गाववाला जातोच, मी पोचवतो." कितीतरी वर्षांनी हाताने पत्र लिहितेय. अक्षर लागलं नाही तर सांभाळून घ्या.

हे ऑक्टोबरमध्ये गेले, ते तुमच्या कानावर आलं असेलच. नोकरी अबुधाबीला, मुसफ्फात, एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. आठवडाभर कंपनीच्या रूमवर राहायचे, त्यांची सुटी पहिल्यापासून रविवारची, म्हणून शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. त्या शनिवारी बसमध्येच गेले. बस आमच्या स्टॉपला थांबली, बाकीचे उतरले, हे बसूनच राहिले. घरी मी कालवण गरम करत होते.

आता मुद्द्याचं. लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षं दर मे महिन्यात आमच्याकडे गावाहून मसाला येतो. दुधाच्या पावडरीचा मोठा पत्र्याचा डबा, तोंडाला फडकं बांधलेलं. "आईने पाठवलाय," हे म्हणायचे. सासूबाई बारा वर्षांपूर्वी गेल्या तेव्हा म्हणाले, "आता वहिनी करते, आईच्याच मापाने." मी कधी शंका घेतली नाही. माझं माहेर कराडचं, मला कोकणातल्या मसाल्यातलं काय कळणार. गेल्या महिन्यात जाऊबाईंना फोन करून विचारलं की यंदा मसाल्याचं कसं करायचं. त्या म्हणाल्या, "कसला मसाला गं? आम्ही स्वतःच चिपळूणहून विकतचा आणतो."

तर हा मसाला तुमच्याकडून येत होता का? आणि येत होता, तर माझ्यापासून लपवायचं काय कारण? एवढं कळवा.

प्रमिला


खारवाडी, ता. दापोली
१९ फेब्रुवारी २०२४

प्रमिलाताईंना अन्वरीचा सलाम.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर छान आहे, नीट लागलं. भाईने ऑक्टोबरमध्येच फोन करून बातमी सांगितली होती. काय लिहावं कळत नाही. तुमच्यावर आणि मुलीवर मोठा प्रसंग आला. अल्ला तुम्हाला सबर देवो.

मसाला मीच करत होते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. भाई आणि ते गल्फला गेले तेव्हा सुरुवातीची वर्षं मुसफ्फात एकाच खोलीत राहिले, ते तुम्हाला माहीत असेल. भाईचा डबा दर वर्षी करायचाच असतो, त्यातच एक माप जास्त घालायचं, त्यात काय मोठं. आईचा म्हणून का सांगितलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मुसलमानाच्या घरचा मसाला तुमच्याकडे चालेल न चालेल, म्हणून बोलले नसतील. पुरुषमाणसं अशा गोष्टींना घाबरतात. मी तर त्यांना लहानपणी दोन-चार वेळा लांबून पाहिलेलं, एवढंच.

डब्यात उरला असेल तो मसाला निर्धास्त वापरा. जाळी धरेल असं वाटलं तर हिंगाचा खडा टाकून ठेवा. कोलंबीच्या कालवणात कोकम अगदी शेवटी टाकत जा. आधी टाकलेलं त्यांना आवडायचं नाही.

यंदापासून मी पाठवणार नाही. आता कारण उरलं नाही. मुलीला दुवा.

अन्वरी


इंटरनॅशनल सिटी, दुबई
३ मार्च २०२४

अन्वरीबाई,

दोन-चार वेळा लांबून पाहिलेल्या माणसाला कोकम कधी टाकलेलं आवडतं, हे तुम्हाला कसं ठाऊक? मी त्यांची बायको, मला ते कळायला चार वर्षं लागली. मला बनवू नका. मी पंचवीस जणांचे डबे करते, रोज पंचवीस जणांच्या आवडीनिवडी ऐकते. कुणाला काय आवडतं हे लांबून कळत नसतं, जवळ बसून वाढावं लागतं.

आता मी लिहितेय ते वाचून मला वेडी म्हणा, पण पूर्ण वाचा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. फक्त केयाला माहीत आहे. केया माझी मुलगी, अकरावीत आहे.

यांचे दिवसवार झाले, पाहुणे परत गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी कोलंबीचं कालवण केलं. लोक शनिवार पाळतात, पण हे आठवड्यातून एकदाच घरी, म्हणून मारुतीला मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं की आमच्या घरी शनिवारी मासे होणार. सवयीने तीन ताटं वाढली गेली. वाढल्यावर लक्षात आलं, पण उचलायचा धीर झाला नाही. मग बघते तर त्यांच्या ताटातली वाफ सरळ वर जाईना. ती खुर्चीकडे वळत होती. एसी बंद, पंखा बंद, खिडकी बंद. माझ्या ताटातली वाफ सरळ, केयाच्या ताटातली सरळ, आणि त्यांच्याच ताटातली खुर्चीकडे जाऊन तिथेच कुठेतरी नाहीशी व्हायची.

जेवण झाल्यावर अन्न टाकवेना म्हणून केयाने त्यांचं ताट पुढे ओढलं आणि एक घास घेऊन थांबली. "मम्मा, देअर इज नो सॉल्ट इन धिस." मी म्हटलं, एकाच पातेल्यातलं आहे, तुझ्यात आहे ना? "माइन इज फाइन." मी चाखून बघितलं. ताट भरलेलं, भाताचं शीतही कमी नाही, पण मीठ गेलेलं. भातातलं गेलेलं, कालवणातलं गेलेलं, लोणच्यातलंसुद्धा गेलेलं.

तेव्हापासून दर शनिवारी असंच होतं. मला आता भीती वाटत नाही. केया त्यांची खुर्ची जरा मागे सरकवून ठेवते. कधी वाफ वळायला वेळ लागला तर म्हणते, "बाबाज लेट टुडे. ट्रॅफिक असेल." आणि डब्यातला मसाला संपत नाही. मेचा डबा डिसेंबरपर्यंत पुरतो, हा मार्च आहे. दर शनिवारी मी दोन चमचे काढते, आणि सकाळी मसाला पुन्हा त्याच रेघेवर. मी आतून पेनाने खूण केलेली आहे.

दोन शनिवार मी मुद्दाम विकतच्या मसाल्याचं केलं. आले नाहीत. मीठ जागच्या जागी.

आता तुम्हीच सांगा मी काय समजू. हे माझ्याकडे येतात की तुमच्या मसाल्याकडे? डबा फेकला तर ते येणार नाहीत. ठेवला तर एकोणीस वर्षं केलं तेच अजून करत राहायचं, दुसरीच्या हातचं यांना जेवू घालायचं आणि आपल्याच हातचं समजायचं. मला रात्रंदिवस हे एकच सुचतंय. तेव्हा खरं काय ते लिहा.

प्रमिला


खारवाडी
२३ मार्च २०२४

प्रमिलाताई,

वेडी म्हणणार नाही. मी तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुमच्याशी खोटं बोलले, माफ करा. आता खरं लिहिते.

मुरली आणि भाई एका वर्गात होते. त्यांच्या घरचं सोवळं फार कडक, आमच्याकडचं पाणीसुद्धा प्यायची बंदी. पण तो यायचा. भाईला हाक मारत यायचा आणि आमच्या मागच्या पडवीत बसायचा. मी सतरा वर्षांची, तो वीसचा. आमच्या अम्मीचा मसाला सगळ्या वाडीत नावाजलेला होता, असा जहाल की नव्या माणसाच्या डोळ्यांतून धार लागायची. त्याच्याही लागायची. डोळे पुसत पुसत जेवायचा आणि ताट पुढे करायचा. मी म्हणायचे, "अजून?" तो म्हणायचा, "अजून." दोन वर्षांत आमच्यात झालेलं बोलणं म्हणजे जवळजवळ एवढंच. पुढे पुढे भाई घरी नसतानाही तो भाईला हाक मारत यायचा. अम्मी सगळं समजून होती, पण भुकेल्याला उठवायचं कसं.

मग एके दिवशी त्याच्या बोटांचा वास जाईना. आमच्या मसाल्याचा वास. घरी गेला तो हात धुऊनच गेला होता. राख लावली, लिंबू लावलं, शेवटी रॉकेलने हात धुतले, तरी नऊ दिवस तो वास राहिला. त्यांच्या देवघरात आरतीला उभा राहिला तर धुपाचा वास नाहीसा झाला आणि सगळीकडे आमच्या स्वयंपाकघराचा वास सुटला. त्याच्या आईने त्याचा हात नाकाशी धरला आणि तिला सगळं कळलं. महिन्याभरात त्याला विमानात बसवलं. वर्षाने माझ्या बापाने भाईलाही तिकडेच पाठवला, आणि नशिबाने दोघांना एका खोलीत टाकलं. माझा निकाह खालच्या वाडीतल्या यहयाशी झाला. माणूस भला होता. सात वर्षांपूर्वी गेले. ते कधी असे आले नाहीत. त्यांचं माझ्याकडे काही राहिलेलं नव्हतं.

तुमचं पत्र वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. आज शनिवार आहे, बारावा रोजा. इन्शा, माझी सून, मुलाबरोबर माहेरी इफ्तारीला गेलेली. चार दिवसांसाठी आलेला भाई मशिदीत. मी एकटी. कोलंबी आणली, अम्मीच्या मापाचा मसाला घरात थोडा कुटला, सालन केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. मागच्या पडवीत, तो बसायचा तिथेच ताट मांडलं. मग्रीबची अजान झाली. खजूर खाल्ला, पाणी प्यायले, नमाज पढले आणि पडवीत जाऊन त्या ताटातला एक घास घेतला.

मीठ नव्हतं. प्रमिलाताई, त्यात मीठ अजिबात नव्हतं.

मी तिथेच बसून ते सगळं जेवले. रडत रडत जेवले. तो आला होता. तेहतीस वर्षांनी पुन्हा आमच्या पडवीत येऊन बसला. तुम्ही विचारलंत तो कुणाकडे येतो. मला वाटतं उत्तर मिळालं. राग मानू नका. तुम्हाला एकोणीस वर्षं मिळाली, मला ही एक संध्याकाळ.

भाई उद्या पहाटे निघतोय, त्याच्याकडे हे पत्र देते.

अन्वरी


इंटरनॅशनल सिटी, दुबई
२ एप्रिल २०२४

अन्वरीबाई,

पत्र मिळालं. अलीमियाँ दारातूनच देऊन गेले, आत आले नाहीत.

"अजून?" "अजून." मला तुमच्या पत्रातलं हेच सारखं दिसतं. माझ्याकडे या माणसाने कधी दुसऱ्यांदा वाढून मागितलं नाही. मी पळी घेऊन उभी राहायची आणि हे ताटावर हात आडवा धरायचे. एकोणीस वर्षं. मला वाटायचं, माणूस मिताहारी आहे. दहा जणींत कौतुकाने सांगितलंय मी.

डबा शनिवारी सकाळी खाली नेऊन कचऱ्याच्या पेटीत टाकला. केया पेटीपर्यंत मागे आली. "आय हेट यू" म्हणाली आणि तेव्हापासून बोलत नाही. त्याच संध्याकाळी ती खुर्ची मागे सरकवून बसून राहिली, जेवली नाही.

ते तुमच्याकडे येऊ देत. सुखाने जेवू घाला. खलास. मला पुन्हा पत्र लिहू नका.

प्रमिला


खारवाडी
६ मे २०२४

प्रमिलाताई,

लिहू नका म्हणालात तरी लिहितेय. हे वाचा आणि मग फाडून टाका.

तो माझ्याकडे आला नव्हता.

रोज्यात स्वयंपाक करताना आम्ही मीठ चाखत नाही. वर्षानुवर्षांची सवय, हात अंदाजाने टाकतो आणि अंदाज चुकत नाही. त्या दिवशी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं आणि मी सालनात मीठ टाकायलाच विसरले. भाकरीच्या पाण्यातसुद्धा. पहाटे सेहरीला इन्शाने उरलेलं सालन गरम केलं, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अम्मी, यात मीठच नाही." हसली बिचारी. म्हणाली, "रोजा लागला वाटतं तुम्हाला." मी पातेल्यात बोट घालून चाखलं. सगळं पातेलं अळणी.

भाई तेव्हा अंगणातच होता. गाडी सुरू होती, तुमचं पत्र त्याच्या खिशात. चार पावलं टाकून मी ते परत मागू शकले असते. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि गाडी जाऊ दिली. नंतर फोन करून त्याला सांगता आलं असतं, तेही केलं नाही. मनात म्हटलं, दोन्ही खरं असेल, मी मीठ विसरलेही असेन आणि तो येऊनही गेला असेल. माणूस स्वतःला काय काय समजावतो. मग तुमचं पत्र आलं, डबा टाकल्याचं. मुलगी बोलत नाही म्हणून लिहिलंत. तेव्हापासून मला घास जात नाही.

ईदनंतर मी चार शनिवार ताट मांडलं. मीठ मोजून घातलं, रोजा नव्हता तेव्हा चाखून बघितलं. अम्मीचाच मसाला. चारही वेळा मीठ जागच्या जागी. एकदा मुद्दाम दुप्पट घातलं, की त्यातलं थोडं तरी जाईल. ताट खारट ते खारटच राहिलं. कुत्र्यालासुद्धा घालता आलं नाही.

अजून एक गोष्ट मी तुमच्यापासून ठेवली. ती सांगितली की माझ्याकडे काही उरणार नाही, म्हणून ठेवली. तुमच्या लग्नाच्या वर्षी पहिला डबा गेला तो अम्मीच्या मापाचा होता. दुसऱ्या वर्षी भाईबरोबर मुरलीची चिठ्ठी आली. त्यात लिहिलं होतं, मिरची निम्मी कर, प्रमिलाला पित्त होतं, दोन दिवस जेवली नाही. मी निम्मी केली. पुढच्या वर्षी म्हणे लवंग काढून टाक, तिच्या दाढेला लागते. मुलगी झाली तेव्हा बडीशेप वाढव, तिला दूध कमी येतंय. एका वर्षी लिहिलं, डबा मोठा पाठव, कालवण चांगलं झालं की दोनदा वाढून घ्यावंसं वाटतं, पण ती मागाहून बसते, तिला उरणार नाही, म्हणून मी हात आवरतो. कोविडच्या वर्षी, तिचा वास गेलाय, दगडफूल आणि जायपत्री दुप्पट कर, काहीतरी तिच्यापर्यंत पोचू दे.

असं दर वर्षी. एक काढ, एक घाल. शेवटी त्या मसाल्यात अम्मीचं काही उरलं नाही. माझं तर आधीपासूनच नव्हतं. एकोणीस वर्षं मी चुलीपाशी बसून तुमच्या जिभेसाठी मसाला भाजला, ताई. तो मसाला तुमचा आहे. म्हणून तो तिथे येतो. मी फक्त भाजणारी.

सगळ्या चिठ्ठ्या जोडल्या आहेत. एकाही चिठ्ठीत माझं नाव नाही. वर "अन्वरी" नाही, की खाली "कशी आहेस" नाही. मी दर वर्षी डबा बांधताना वाट बघायचे, की यंदा असेल.

डबा गेला त्याला मी जबाबदार. तुम्ही म्हणाल तर तोच मसाला पुन्हा कुटून पाठवते. मापं सगळी पाठ आहेत.

अन्वरी


इंटरनॅशनल सिटी, दुबई
२ जून २०२४

अन्वरीआपा,

नवीन कुटू नका. डबा परत आलाय.

सोळा एप्रिलचा पाऊस तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. आमच्या इमारतींच्या क्लस्टरमध्ये कमरेएवढं पाणी होतं, तळमजल्यावरच्या लोकांचे गाद्या-फ्रिज तरंगत होते, आम्ही पहिल्या मजल्यावर तीन दिवस अडकलो. चौथ्या दिवशी वॉचमन वर आला, हातात डबा. "दीदी, ये आपका है ना? सीढी के पास तैर रहा था." कचरा इथे रोज उचलतात. मी डबा टाकून वीस दिवस झाले होते. फडकं बांधलेलं, आणि ते कोरडं. मी तो सिंकच्या खाली सारून ठेवला, उघडला नाही. तुमच्यावरचा राग होता.

तुमचं पत्र आलं तेव्हा उघडला. मसाला रेघेवरच होता.

चिठ्ठ्या मी दोन दिवस वाचल्या. त्यांचं अक्षर. दाढेचं, दुधाचं, हात आडवा धरायचं. मला हवं होतं ते उत्तर हेच. वाटलं होतं, हे कळलं की मी सुखाने झोपेन. पहिल्या दिवशी झोपलेही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या पुन्हा वाचायला घेतल्या आणि मला तुम्ही दिसायला लागलात, चुलीपाशी बसलेल्या.

काल शनिवार. कोलंबी केली, कोकम शेवटी टाकलं, तीन ताटं वाढली. केया बोलायला लागली आहे, तिनेच खुर्ची मागे सरकवली. वाफ वळली. दहा आठवड्यांनी आले होते. मला इतकं भरून आलं की काही न बोलता गप्प जेवावं असं वाटलं. पण पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या आणि एकेक मोठ्याने वाचल्या. केयाला मराठी वाचायचा कंटाळा, पण ऐकलेलं सगळं कळतं. सगळ्या झाल्या तेव्हा तिने विचारलं, "अँड ही नेव्हर आस्क्ड हर एनिथिंग?"

मग मी खुर्चीकडे बघून विचारलं. म्हटलं, अहो, माझ्या दाढेपर्यंत सगळं लक्षात ठेवलंत, आणि जिच्याकडून करून घेतलंत तिला एकोणीस वर्षांत एक ओळ लिहिता आली नाही? तिच्या घरचा मसाला तुम्ही एक एक करून काढून घेतलात, तिच्याच हाताने. असं कसं केलंत?

वाफ बराच वेळ खुर्चीपाशी थांबली. मग सरळ वर गेली. मी त्यांच्या ताटातला घास घेतला. मीठ होतं. त्यांनी जेवणाला हात लावला नव्हता. आज सकाळी डबा उघडला तर मसाला रेघेच्या दोन चमचे खाली. आता तो चारचौघांच्या डब्यासारखा संपत जाईल.

मी खूप रडले, आपा. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मला ते हवे होते. आठवड्यातून एकदा, दिसत नसले तरी. गप्प बसले असते तर ते येत राहिले असते. केयाला विचारलं, मी चूक केली का? तिने टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करून पिशवीत घातल्या. मग म्हणाली, "नो. बट आय मिस हिम." आणि उठून खुर्ची पुन्हा टेबलाला लावली.

उरलेला मसाला मी डबा लावलेल्या मुलांच्या कालवणात घालून संपवते. तुमच्याकडे पाऊस लागायच्या आत जमलं तर मला तुमच्या अम्मीच्या मापाचा मसाला पाठवा. जसाच्या तसा. एक मिरची कमी करू नका, लवंग काढू नका. त्याच्यावर हे येणार नाहीत, ते मला समजलंय. पित्त झालं तर माझं मी बघेन.

पण मसाल्याचं मागाहून. आधी मला लिहा, तुम्ही कशा आहात?

प्रमिला